ओकचं बी आणि कुलूपबंद संगणक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१९८६ सालची गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या आणि एका दुपारी शाळेच्या फाटकापाशी टेम्पो उभा राहिला. त्यातून मोठी खोकी उतरली. खोक्यांत संगणक होते. बिस्किटी रंगाची पसरट पेटी, तिच्यातच बसवलेला कीबोर्ड, वरच्या ओळीत लाल-नारिंगी बटणं आणि नावाच्या पट्टीशेजारी ठिपक्यांनी काढलेलं एक घुबड. आमचे शिपाईमामा ते घुबड बघून म्हणाले, ''सर, सरस्वतीच्या घरात हे कशाला आणलं?'' साहेबाच्या देशात घुबड हे शहाणपणाचं चिन्ह मानतात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना काही ते पटलं नाही.

प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी करून तिथे हे संगणक मांडले. खिडक्यांना पडदे लावले. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली, कारण प्रशिक्षणाला मी जाऊन आलो होतो. आठवड्यातून एकदा मी मुलांना रांगेनं आत न्यायचो. यंत्र मी चालवायचो आणि मुलं हाताची घडी घालून बघायची. ''सर, मी एक बटण दाबू?'' असं कुणी विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असे, ''बिघडलं तर कोण भरून देणार?''

हे यंत्र आलं कुठून, त्याच्या पोटात काय होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे मला उमगायला बरीच वर्षं गेली. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती दूरच्या देशातली असली तरी परकी नाही. त्या यंत्राच्या कारखान्यात जन्मलेल्या एका चिपचा वंशज या क्षणी बहुधा तुमच्या खिशात आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या केंब्रिज गावात. व्हिएन्नाहून आलेले आणि केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले हर्मन हाउजर आणि क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्याकडची नोकरी सोडलेले ख्रिस करी या दोघांनी डिसेंबर १९७८ मध्ये एक छोटी कंपनी काढली. पुढच्याच वर्षी तिच्या संगणकांना त्यांनी नाव दिलं 'एकॉर्न'. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचं बी. एवढ्याशा बीमधून मोठा वृक्ष होतो ही कल्पना त्यात होतीच. शिवाय टेलिफोन डिरेक्टरीत हे नाव 'ॲपल'च्या आधी येतं, असाही एक व्यवहारी हिशेब होता म्हणतात.

त्याच सुमारास बीबीसीने 'नाऊ द चिप्स आर डाऊन' नावाचा माहितीपट दाखवला. सिलिकॉनच्या चिपमुळे किती नोकऱ्या जातील आणि देश या बदलाला तयार आहे का, असे प्रश्न त्यात विचारले होते. इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. भीती घालवायची तर लोकांच्या हाती यंत्र द्यायला हवं, असं बीबीसीला वाटलं. दूरचित्रवाणीवर संगणकाची मालिका करायची आणि प्रेक्षकाने पडद्यावर जे पाहिलं तेच घरी करून बघायचं, अशी योजना ठरली. त्यासाठी एक ठरावीक यंत्र हवं होतं. आधी ज्या यंत्राचा विचार चालला होता ते वेळेत तयार होईना. मग बीबीसीची माणसं इतर कंपन्यांची दारं ठोठावू लागली.

एकॉर्नकडे तेव्हा एका नव्या यंत्राचा आराखडा होता, यंत्र नव्हतं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोघं तरुण त्यावर काम करत होते. बीबीसीची मंडळी शुक्रवारी येणार, असं सोमवारी कळलं. हाउजर नंतर हसत हसत सांगत, की त्यांनी फर्बरना फोन करून 'आठवड्यात होईल असं सोफी म्हणते' असं सांगितलं आणि सोफीला फोन करून 'स्टीव्ह होईल म्हणतो' असं सांगितलं. दोघं कामाला लागले. पातळ तारांचं जंजाळ गुंडाळून तयार केलेलं ते यंत्र पाहुणे यायच्या दिवशी सकाळी एकदाचं चालू झालं आणि काम एकॉर्नला मिळालं.

डिसेंबर १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' बाजारात आला. त्याची दोन रूपं होती, मॉडेल ए आणि मॉडेल बी. एकाची मेमरी १६ किलोबाइट, दुसऱ्याची ३२. आज मोबाइलवर येणारा एखादा साधा फोटोसुद्धा त्याच्या शंभरपट जागा खातो. जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. बारा हजार यंत्रं खपतील असा मूळ अंदाज होता. पुढे दहा लाखांहून जास्त खपली. ब्रिटिश सरकारने शाळांना निम्मी किंमत देऊ केली आणि तिथल्या बहुतेक शाळांत हे यंत्र पोहोचलं.

आता त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल थोडं सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. बटण दाबलं की अक्षर पडद्यावर नेणं, प्रोग्रॅम कॅसेटवर लिहिणं, ही सगळी धावपळ तोच करतो. हल्लीच्या संगणकात हा कारभारी डिस्कवर राहतो आणि सुरू करताना तो मेमरीत आणावा लागतो. बीबीसी मायक्रोत तसं नव्हतं. अवघ्या १६ किलोबाइटची ती ऑपरेटिंग सिस्टिम 'रॉम' नावाच्या चिपमध्ये कायमची कोरलेली होती आणि तिच्या शेजारी दुसऱ्या चिपमध्ये बेसिक ही भाषा. साधी मेमरी म्हणजे पाटी, तर रॉम म्हणजे शिलालेख. पाटीवर मुलाने काय वाटेल ते गिरवावं, चुकीचं लिहावं, गोंधळ घालावा. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की पाटी कोरी आणि शिलालेख जसाच्या तसा. क्षणभरात 'बीप' असा आवाज व्हायचा आणि यंत्र पुन्हा हजर.

म्हणजे नीट बघा, कीबोर्डवर काहीही टाइप करून मुलाला हे यंत्र बिघडवता येत नव्हतं. ते मुलांच्या हातात देण्यासाठीच तसं केलेलं होतं. आणि मी दाराला कुलूप लावून बसलो होतो!

आकाशवाणीवरून बोलतो आहे म्हणून एक गंमत सांगायलाच हवी. त्या काळी हे संगणक प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट वापरत. कॅसेटवर प्रोग्रॅम म्हणजे नुसता आवाज, किरकिर आणि शिट्ट्या. मग हा आवाज रेडिओवरून का पाठवू नये? हॉलंडच्या नभोवाणीने तो प्रयोग केला. वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांना समजेल अशी 'बेसिकोड' नावाची एक सामाईक बोली ठरवली. १९८४ मध्ये बीबीसीच्या रेडिओ फोरवर 'द चिप शॉप' नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून असे प्रोग्रॅम प्रसारित होऊ लागले. श्रोत्याने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावायचा, ती किरकिर टेप करायची आणि संगणकाला ऐकवायची. इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी रेडिओने प्रोग्रॅम घरोघरी पोहोचवले होते.

आपल्या देशात हे यंत्र आलं ते 'क्लास' प्रकल्पातून. शालेय संगणक साक्षरतेचा हा केंद्र सरकारचा प्रकल्प १९८४-८५ मध्ये अडीचशे शाळांत सुरू झाला आणि त्यासाठी निवड झाली बीबीसी मायक्रोची. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती 'एससीएल युनिकॉर्न' नावाने काढली. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं. बेत चांगलाच होता. पण यंत्र मोजकी आणि मुलं शेकड्यांनी; त्यातून वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि दुरुस्तीला माणूस यायचा तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून. अशा वेळी किल्ली जपणं हेच कर्तव्य वाटू लागतं. माझंही तसंच झालं. मी सबब सांगत नाही, झालं ते सांगतो आहे.

तिकडे एकॉर्नचे दिवस फिरले होते. 'इलेक्ट्रॉन' हा स्वस्त संगणक त्यांनी १९८३ मध्ये काढला. त्या वर्षीच्या नाताळात लोक दुकानांत मागत होते, पण त्याची एक खास चिप वेळेवर तयार होईना. पुढच्या नाताळात माल भरपूर होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. गोदामं तुंबली. १९८५ च्या सुरुवातीला इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीने एकॉर्नचा जवळजवळ निम्मा हिस्सा घेतला आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक मालकी तिच्याकडे गेली.

पण या पडझडीतच एक विलक्षण काम चाललं होतं. बीबीसी मायक्रोतल्या प्रोसेसरची ताकद पुढच्या काळाला पुरणार नव्हती आणि बाजारात मिळणारे नवे प्रोसेसर विल्सन-फर्बर यांना पसंत पडत नव्हते. दोघं अमेरिकेत ॲरिझोना राज्यात प्रोसेसर बनवणाऱ्या एका कंपनीत गेले. मोठा कारखाना आणि शेकडो इंजिनिअर दिसतील अशी त्यांची कल्पना होती. दिसलं काय, तर बंगलीवजा जागेत काम करणारी चार माणसं आणि हाताखाली शाळकरी मुलं! हे लोक करू शकतात तर आपण का नाही, असं म्हणत दोघं परतले. बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांचा एक विचार त्यांनी वाचला होता. प्रोसेसरला शंभर अवघड आज्ञा शिकवण्यापेक्षा थोड्या सोप्या आज्ञा शिकवाव्यात आणि त्या झपाट्याने पार पाडून घ्याव्यात, असा तो विचार. त्यालाच 'रिस्क' म्हणतात.

ऑक्टोबर १९८३ मध्ये काम सुरू झालं. आज्ञांचा संच विल्सन यांनी ठरवला, रचना फर्बर यांनी केली. आणि या चिपची पहिली प्रतिकृती कशात लिहिली होती? बीबीसी बेसिकमध्ये, जेमतेम आठशे ओळींत. ज्या भाषेत मुलं आपलं नाव पडद्यावर शंभरदा उमटवत होती, त्याच भाषेत! २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली आणि पहिल्याच खेपेला चालली. तिच्यात सुमारे पंचवीस हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये पावणेतीन लाख होते. फर्बर यांनी वीज किती लागते ते मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. नंतर लक्षात आलं, की चिपला विजेची तार जोडलेलीच नव्हती. इतर तारांतून येणाऱ्या संकेतांच्या किरकोळ विजेवर ती बिनतक्रार चालली होती. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवता यावी म्हणून चिप तापू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. काटकसरीच्या पोटी आलेला हा गुण पुढे सगळ्या जगाला उपयोगी पडला. या चिपचं नाव 'आर्म'.

जून १९८७ मध्ये आर्म चिपवर चालणारा 'आर्किमिडीज' संगणक आला. यंत्र फार वेगवान होतं, पण त्याच्यासाठी आखलेली महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण होईना. मग घाईघाईने 'आर्थर' नावाची तात्पुरती सिस्टिम लिहून यंत्रात बसवली. तिचा पडद्यावरचा डेस्कटॉप चक्क बेसिकमध्ये लिहिलेला होता आणि भडक रंगांमुळे त्याची बरीच टिंगल झाली. १९८९ मध्ये तिच्या जागी 'रिस्क ओएस' आली आणि टिंगल थांबली.

रिस्क ओएस वापरणारे आजही तिच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतात, आणि त्याला कारण आहे. पडद्याच्या तळाशी चालू असलेल्या प्रोग्रॅमची चित्रं मांडलेली एक पट्टी होती. विंडोजमध्ये तशी पट्टी दिसली ती १९९५ मध्ये. माऊसला तीन बटणं आणि तिन्हींना ठरलेली कामं. मधलं बटण दाबलं की जिथे बाण असेल तिथेच यादी उघडायची. लिहिलेलं जपून ठेवायचं तर त्याचं चित्र उचलायचं आणि हव्या त्या फोल्डरमध्ये टाकायचं, वही दप्तरात टाकावी तसं. अक्षरांच्या कडा पडद्यावर गुळगुळीत दिसत, ही तेव्हा अपूर्वाईच होती. आणि ही सगळी सिस्टिम पुन्हा रॉममध्येच, शिलालेखासारखी. 'सिबेलियस' हे संगीतलेखनाचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर १९९३ मध्ये प्रथम आलं ते याच यंत्रांवर.

मग इतकं चांगलं असूनही हे यंत्र मागे का पडलं? तोवर कचेऱ्यांमध्ये आयबीएमच्या धर्तीचे पीसी आणि मायक्रोसॉफ्टची सिस्टिम पक्की बसली होती. कचेरीत जे चालतं तेच शाळेत शिकवा, असं पालक म्हणू लागले. तोंडमिळवणी म्हणून १९९४ च्या 'रिस्क पीसी'त पीसीचाही प्रोसेसर बसवायची सोय केली, तरी ओघ थांबला नाही. शाळेतला विषयही बदलत गेला. संगणकाला काम सांगायला शिकणं मागे पडलं आणि पत्र टाइप करणं, तक्ते भरणं पुढे आलं. सप्टेंबर १९९८ मध्ये 'फीबी' हा नवा संगणक बाजारात यायच्या बेतात असतानाच एकॉर्नने तो रद्द केला आणि संगणक बनवणारा विभागच बंद केला.

यंत्रं बंद पडली की त्यांच्यासोबत काय जातं, त्याचं एक उदाहरण देतो. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्याची नोंदवही करवली होती, तिला 'डोम्सडे बुक' म्हणतात. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंदवही काढली. गावोगावच्या शाळकरी मुलांनी आपल्या परिसराची माहिती लिहिली, फोटो काढले. दहा लाखांहून अधिक लोकांचा त्याला हात लागला. हे सगळं लेझर डिस्कवर साठवलं आणि ती वाचायला एकॉर्नचा खास संगणक लागे. पंधरा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि ती माहिती वाचवण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीची चामड्यावरची वही मात्र कुणीही उघडून वाचावी अशी शाबूत होती. आपल्या ग्रामपंचायतीचे, शाळांचे, दवाखान्यांचे दप्तर आज संगणकात चाललं आहे. हे उदाहरण आपणही मनात ठेवलेलं बरं.

एकॉर्न गेली, पण बी रुजलं होतं. नोव्हेंबर १९९० मध्येच एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय या तिघांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली होती. सुरुवातीला बारा इंजिनिअर, आणि जागा केंब्रिजजवळच्या खेड्यातलं एक जुनं धान्याचं कोठार. ही कंपनी चिप बनवण्यासाठी काढलेली नव्हती. चिपचा आराखडा इतरांना वापरायला देते आणि मोबदला घेते. मोबाइल फोन आले तेव्हा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर प्रत्येकाला हवा होता, आणि तो गुण या चिपमध्ये जन्मापासून होता. अखेर अशी वेळ आली, की एकॉर्नकडे असलेल्या आर्मच्या शेअर्सची किंमत खुद्द एकॉर्नपेक्षा जास्त भरू लागली. १९९९ मध्ये ते शेअर्स मोकळे करण्यासाठीच एकॉर्न मोडीत काढली गेली. २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने आर्मसाठी २४ अब्ज पौंड मोजले. आजवर अशा २५० अब्जांहून अधिक चिप जगात गेल्या आहेत. आपल्याकडे शेतात बाजारभाव बघणाऱ्याच्या फोनमध्ये तीच आहे.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी फांदी. केंब्रिज विद्यापीठातल्या एबन अप्टन यांच्या लक्षात आलं, की संगणकशास्त्राला येणारी मुलं कमी होत आहेत आणि जी येतात त्यांनी घरी कधी स्वतः प्रोग्रॅम लिहिलेला नसतो. अप्टन स्वतः लहानपणी बीबीसी मायक्रोवर शिकलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक आणला. किंमत ३५ डॉलर आणि प्रोसेसर आर्मचा. त्याच्या रूपांना नावं दिली मॉडेल ए आणि मॉडेल बी, जुन्या यंत्राच्या आठवणीसाठी. त्याची सिस्टिम एका लहानशा कार्डावर असते. मुलाने ती पार बिघडवली तरी कार्ड पुन्हा लिहिलं की झालं. २०२४ पर्यंत असे सहा कोटींहून अधिक संगणक विकले गेले. रिस्क ओएससुद्धा त्यावर चालते. तिचे हौशी जाणकार अजून ती सांभाळत आहेत आणि २०१८ पासून तिचा मूळ मजकूर कुणालाही वापरायला खुला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या शाळेने निवृत्त शिक्षकांना बोलावलं होतं. ते घुबडवाले संगणक कधीच भंगारात गेले. त्या खोलीत आता नवे संगणक आहेत, फरशी छान आहे, पडदे नवे आहेत. दारावर पाटी आहे, 'परवानगीशिवाय हात लावू नये.' तिथल्या तरुण शिक्षकाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. मी त्याला बाजूला घेऊन माझीच गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकही यंत्र बिघडलं नाही आणि एकही मूल ते शिकलं नाही, असं म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. पाटी काढली की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.